रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग जिना का चढवत नाही?

वाचकाचा प्रश्न

उत्तर महाराष्ट्रातल्या एका शाळेत शिकवणाऱ्या ४७ वर्षांच्या वाचक लिहितात: दीड वर्षापासून जिना चढताना धाप लागते. नववीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे. पूर्वी एका दमात चढायचे, आता दोनदा थांबावं लागतं आणि वर पोचल्यावर बोलता येत नाही म्हणून फळ्याकडे तोंड करून तारीख लिहीत राहते. कधी कधी मागाहून कोरडा खोकला येतो. ईसीजी, एक्स-रे, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), पीएफटी (फुफ्फुसांची फुंकण्याची चाचणी), थायरॉइड, साखर, सगळे रिपोर्ट नॉर्मल. हिमोग्लोबिन ११.२ आहे, पण बायकांचं तेवढं असतंच म्हणाले. पाळी अनियमित झाली आहे, अंगावरून जास्त जातं. लॉकडाउनपासून वजन नऊ किलोंनी वाढलं. गेल्या वर्षी टीएमटी, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवून करतात ती हृदयाची चाचणी, केली, दम लागला म्हणून सहा मिनिटांनी थांबवली. ती निगेटिव्ह आली, फक्त 'टार्गेट हार्ट रेट गाठला नाही' असं खाली लिहिलं होतं. बाकी औषध काही नाही, अर्धशिशीसाठी दोन वर्षांपासून रोज प्रोप्रानोलॉलची गोळी घेते तेवढीच. एका डॉक्टरांनी टेन्शन घेऊ नका म्हणून सांगितलं, घरातही तेच ऐकते. आता छातीच्या डॉक्टरांनी सीपीईटी नावाची व्यायामाची चाचणी मुंबईला किंवा पुण्याला जाऊन करायला सांगितली आहे. यजमान म्हणतात, 'टीएमटी झाली ना, परत तेच कशाला?' मी करावी का? करताना काही झालं तर? आणि तीही नॉर्मल आली, तर मी उगाच करते असंच सगळे धरून चालतील ना?

उत्तर

ताई,

सरळ उत्तर आधी देते: चाचणी करा. पण तारीख घेण्याआधी छातीच्या डॉक्टरांना एक फोन करायचा आहे. का, ते पुढे येईलच. त्याआधी 'सगळे रिपोर्ट नॉर्मल' हे तुमचं वाक्य तपासू, कारण मला ते मान्य नाही.

हिमोग्लोबिन ११.२ म्हणजे नॉर्मल नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचं हिमोग्लोबिन १२च्या खाली गेलं की तो रक्तक्षय. तुमचा सौम्य आहे, पण आहे. 'बायकांचं तेवढं असतंच' हे दुर्दैवाने खरं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. पण गल्लीतल्या सगळ्यांना आहे म्हणून तो आजार नाही, असं कसं होईल? एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. तेच कमी, तर जिन्यावर पायांच्या स्नायूंना मिळणारा ऑक्सिजनही कमी. निव्वळ ११.२ने दोनदा थांबावं लागेल असं मला वाटत नाही. पण अंगावरून जास्त जातंय म्हणजे शरीरातला लोहाचा साठा त्याहून वाईट असू शकतो, आणि साठा संपत आला की हिमोग्लोबिन फार पडण्याआधीच थकवा येऊ लागतो. तेव्हा फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी, करून घ्या. साध्या रक्ततपासणीत होतं, मुंबई-पुणे गाठायची गरज नाही. आणि पाळीचं स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. ते 'या वयात व्हायचंच' म्हणून सोडून देण्यासारखं नाही.

आता जे रिपोर्ट खरोखर नॉर्मल आहेत, त्यांचं. ईसीजी काढला तेव्हा तुम्ही उताण्या झोपला होतात. इकोला डाव्या कुशीवर. एक्स-रेला श्वास रोखून उभ्या. पीएफटी खुर्चीत बसून झाली, त्यात जोराने फुंकलंत, पण पाय काही हलवले नाहीत. आराम करत असताना शरीराचं कसं चाललंय याचं उत्तर या सगळ्यांनी दिलं, आणि ते चांगलं आहे. त्याची किंमत मला कमी करायची नाही. झडपेचा आजार, हृदयाचं मोठं दुखणं, फुफ्फुसाचा ठळक बिघाड हे त्यातून बरंचसं मागे पडलं. तुमची तक्रार मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधली आहे, आणि तिथे अजून कोणी काही मोजलेलंच नाही.

हा फरक किती मोठा असतो पाहा. सत्तर किलोचा माणूस स्वस्थ बसला असेल तर मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो. हृदय पाच-सहा लिटर रक्त फिरवतं, छाती सहा ते आठ लिटर हवा आत-बाहेर करते. तोच जोराने श्रम करू लागला की ऑक्सिजनची गरज कितीतरी पटींनी वाढते, रक्ताचा प्रवाह तिप्पट-चौपट होतो आणि हवा मिनिटाला साठ-सत्तर लिटरच्याही वर जाते. बसल्या जागी सगळ्याच अवयवांकडे भरपूर शिल्लक असते, म्हणून थोडीफार खोट झाकली जाते. मागणी वाढली की ती उघडी पडते.

कार्लमन वासरमन नावाचे अमेरिकन डॉक्टर हे एका चित्राने समजावत. एकमेकांत अडकलेली तीन दातेरी चाकं: फुफ्फुसं, हृदय-रक्तवाहिन्या आणि स्नायू. बाहेरची हवा स्नायूंपर्यंत पोचायची तर तिन्ही एका लयीत फिरायला हवीत, आणि कुठलंही एक अडलं तरी माणसाला जाणवते ती धापच. म्हणून नुसत्या धापेवरून चाक ओळखता येत नाही. सीपीईटी, म्हणजे कार्डिओपल्मनरी एक्सरसाइज टेस्ट, तिन्ही चाकं फिरत असताना एकाच वेळी मोजते. चेहऱ्यावर घट्ट मास्क असतो. प्रत्येक श्वासागणिक किती ऑक्सिजन घेतला, किती कार्बन डायऑक्साइड सोडला, किती हवा हलवली याची नोंद होते. जोडीला ईसीजी, रक्तदाब आणि बोटाला ऑक्सिमीटर. शंभर वर्षांपूर्वी, १९२०च्या दशकात, ए. व्ही. हिल आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी धावणाऱ्याच्या पाठीवर मोठी पिशवी बांधून त्यात उच्छ्वास गोळा करत आणि मग त्याचं पृथक्करण करत बसत. आता ते यंत्र तिथल्या तिथे करतं, पण विचार तोच.

यजमानांची शंका रास्त आहे. दोन्हीकडे पट्ट्यावर चालायचं, दोन्हीकडे छातीला वायरी. पण टीएमटीचा मुख्य प्रश्न एकच असतो: श्रमात हृदयाला रक्तपुरवठा कमी पडतो का? श्वासातले वायू तिथे कोणी मोजत नाही. तिच्या रिपोर्टवर जे 'मेट्स' (स्वस्थ बसल्यापेक्षा किती पट श्रम झाले ते) लिहिलेले असतात ते पट्ट्याचा वेग आणि चढ यांवरून काढलेला अंदाज असतो. रॉबर्ट ब्रूस यांच्या नावाची जी पद्धत आपल्याकडे सर्रास वापरतात तिच्यात दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो. सहा मिनिटं म्हणजे दोन टप्पे, सुमारे सात मेट्स. पण दांडा घट्ट धरून चाललं तर शरीराला तेवढं काम पडतच नाही, कागदावर आकडा मात्र पूर्ण उमटतो. तुम्ही धरला होता का, आठवून बघा. पहिल्यांदा पट्ट्यावर चढलेले बहुतेक जण धरतातच.

आणि ती शेवटची ओळ, 'टार्गेट हार्ट रेट गाठला नाही'. ठोक हिशेबाने २२०मधून वय वजा केलं तर तुमची कमाल गती १७३ येते, आणि टीएमटीला त्याच्या ८५ टक्के, म्हणजे १४७च्या आसपास पोचणं अपेक्षित असतं. तिथवर न पोचता आलेल्या 'निगेटिव्ह'ला मी निकाल म्हणणार नाही. चाचणी अर्धवट राहिली, एवढंच म्हणेन.

हृदयाची गती का वाढली नाही, याचं एक संभाव्य उत्तर तुमच्याच पत्रात आहे: 'बाकी औषध काही नाही' असं म्हणून पुढे जिचा उल्लेख केलात ती अर्धशिशीची गोळी. प्रोप्रानोलॉल हा बीटा ब्लॉकर आहे. डोकेदुखी आटोक्यात ठेवायला चांगलं औषध आहे, त्यात वाद नाही. पण हृदयाची गती वाढू न देणं हे त्याचं कामच आहे. शिवाय ज्यांच्यात दम्याची प्रवृत्ती असते त्यांच्या श्वासनलिका त्याने आवळल्या जाऊ शकतात. गोळी दोन वर्षांपासून, धाप दीड वर्षापासून, वर चढून गेल्यावर येणारा कोरडा खोकला. मी इथे बसून निदान करत नाही, हा निव्वळ योगायोगही असू शकेल. मात्र छातीच्या डॉक्टरांना ही गोळी माहीत आहे का? नसावी असा माझा संशय आहे, कारण डोक्याची गोळी छातीच्या डॉक्टरला सांगायची असते असं कोणाच्या मनातच येत नाही. 'दुसरी काही औषधं?' असं विचारल्यावर लोक बीपीची आणि साखरेची तेवढी सांगतात. डोळ्यांतले थेंब, झोपेची गोळी, वैद्यांचं चूर्ण हे गाळतात. काचबिंदूसाठीच्या काही थेंबांतही बीटा ब्लॉकरच असतो, आणि त्याने धाप लागलेले पेशंट असतात.

तो फोन यासाठीच. गोळी चालू ठेवून सीपीईटी केली तर हृदयाची गती दबलेली दिसणार, आणि हे औषधामुळे की हृदयामुळे याचा वाद घालत बसावं लागणार. तेव्हा गोळी हळूहळू कमी करून पाहायची, बदलायची, की मुद्दाम चालू ठेवूनच चाचणी करायची, हे छातीचे आणि डोकेदुखीचे डॉक्टर मिळून ठरवतील. अर्धशिशीसाठी दुसरी औषधं आहेत. पण तुम्ही आपली आपण आजपासून बंद करू नका, बीटा ब्लॉकर एकदम सोडला तर धडधड वाढते, रक्तदाब चढू शकतो आणि अर्धशिशीही उलटते. गोळी बदलून महिनाभरात जिना सोपा झाला तर कदाचित चाचणीची गरजच उरणार नाही. यजमानांना ही शक्यता आवडेल.

खोकल्याबद्दल आणखी एक. श्रमाने श्वासनलिका आवळण्याचा प्रकार असेल तर त्रास बऱ्याचदा श्रम थांबवल्यानंतर पाच ते पंधरा मिनिटांत शिगेला पोचतो. नुसती ताकद कमी पडत असेल तर थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत श्वास जागेवर येतो. वर्गात पोचल्यावर तुमचं यांतलं काय होतं, ते आठवडाभर लिहून ठेवा. साधी पीएफटी या आजारात अनेकदा निर्दोष येते, कारण ज्या घडीला नळ्या आवळलेल्या असतात त्या घडीला ती केलेली नसते. आणि इथे सीपीईटीची एक मर्यादाही सांगायला हवी: तिच्यात श्रम हळूहळू वाढवत नेतात, त्यामुळे हा प्रकार निसटू शकतो. त्यासाठी वेगळी पद्धत असते: लवकर जोर वाढवायचा, सहा ते आठ मिनिटं तो टिकवायचा आणि नंतर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा फुंकायला लावायचं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा दहा टक्के किंवा जास्त घसरली तर ते लक्षण धरतात. म्हणून तारीख घेताना विचारा, 'चाचणीच्या आधी आणि नंतर स्पायरोमेट्री (म्हणजे हीच फुंकण्याची चाचणी) करणार का?' ज्यांना श्वास आत घेताना घशाशी अडल्यासारखं होतं, शिट्टीसारखा आवाज येतो, त्यांनी तेही डॉक्टरांना सांगावं. व्यायामात स्वरयंत्रच आकसण्याचा एक प्रकार आहे; त्याला दमा समजून वर्षानुवर्षं पंप दिले जातात आणि गुण येत नाही.

आता भीतीचं. व्यायाम सोसणार नाही अशांना ही चाचणी मुळात करतच नाहीत: नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले, काबूत नसलेली छातीदुखी किंवा ठोक्यांची अनियमितता, महाधमनीची झडप फार आकुंचन पावून त्रास होत असलेले, फुफ्फुसात रक्ताची ताजी गुठळी असलेले. बाकीच्यांत जीवावर बेतण्याचं प्रमाण लाखात दोन ते पाच असं धरलं जातं, आणि त्यात मुळातच गंभीर आजारी असलेलेही येतात. डॉक्टर शेजारी उभे असतात, ईसीजी सतत समोर असतो. तुम्ही रोज तिसऱ्या मजल्यावर जाता तेव्हा यातलं काहीच सोबत नसतं.

प्रत्यक्षात असं होतं: आधी दोन-तीन मिनिटं नुसतं बसायचं, मग थोडं सावकाश, मग सायकलवर किंवा पट्ट्यावर भार सलग वाढत जातो. खरा श्रमाचा भाग आठ ते बारा मिनिटांचा. मास्कमध्ये बोलायचं नसतं. समोर शून्य ते दहाचा तक्ता धरतात, त्यावर धाप किती आणि पाय किती भरून आले ते बोटाने दाखवायचं. थांबायचं ठरवलेल्या खुणेने सांगता येतं, कधीही. सुरुवातीचं एखादं मिनिट मास्कमुळे गुदमरल्यासारखं वाटतं, बहुतेकांचं ते जातं. तरी भार सुरू होण्याआधी मास्क लावून थोडं बसू द्या, असं मागून घ्या. ज्या बायकांनी आयुष्यात सायकल चालवलेली नाही त्यांच्या मांड्या छातीच्या आधी थकतात, म्हणून पट्टा मिळत असेल तर तो मागा. मात्र शेवटपर्यंत जोर लावा. लवकर थांबलात तर तुमची मर्यादा कुठली हे कळतच नाही आणि गेल्या वर्षीसारखाच अर्धा कागद हाती येतो. पुरेसा जोर लागला की नाही ते सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि घेतलेला ऑक्सिजन यांच्या गुणोत्तरावरून ओळखतात, ते १.१च्या वर गेलं तर प्रयत्न पुरेसा मानतात.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर, नॉर्मल आली तर काय, मी जरा रेंगाळणार आहे.

या चाचणीतून एकच शिक्का हाती येत नाही, कुठे अडतंय याचा नकाशा मिळतो. श्वासाची राखीव क्षमता संपली, रक्तातला ऑक्सिजन घसरला, तर बोट फुफ्फुसाकडे. प्रत्येक ठोक्यामागे पोचणारा ऑक्सिजन लवकरच वाढायचा थांबला तर हृदयाकडे. थोडाच कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला भलतीच हवा हलवावी लागत असेल तर फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा संशय. पूर्वी पायात किंवा फुफ्फुसात गुठळी झालेल्यांनी हे विशेष बघावं. श्वासाची लयच विस्कटलेली, मध्येच मोठे उसासे, गरजेपेक्षा कितीतरी जास्त श्वास असं दिसलं तर तो श्वासाच्या सवयीतला बिघाड. तुमच्या घरात ज्याला टेन्शन म्हणतात त्यातला काही भाग हा असू शकतो, आणि तो खरा असतो, यंत्रावर दिसतो, श्वसनाच्या फिजिओथेरपीने सुधारतो. 'मनाचं आहे' असं म्हणायचं तर ते असं काही पाहून म्हणावं. बाकी काही सापडलं नाही म्हणून तो शिक्का मारणं मला पटत नाही, आणि बायकांवर तो फार चटकन मारला जातो.

राहिली सगळ्यात वारंवार दिसणारी शक्यता: सवय तुटल्याने घटलेली ताकद आणि वाढलेलं वजन. इथे आकड्यांत एक गंमत असते. ऑक्सिजन वापरण्याची एकूण क्षमता चांगली, पण किलोमागे भागली की कमी, असं दिसलं तर इंजिन ठीक आहे, ओझं वाढलंय. तुमचे नऊ किलो रोज तीन मजले तुमच्यासोबत चढतात. पण खरोखर ताकद घटली असेल तर तिचा नकाशा सौम्य हृदयविकाराच्या किंवा रक्तक्षयाच्या नकाशासारखाच दिसू शकतो, आणि तेव्हा कागद एकटा निर्णय देत नाही. हिमोग्लोबिन, औषधं, इको हे सगळं शेजारी ठेवून वाचावं लागतं. म्हणून रिपोर्ट कोण वाचणार हे मशीनच्या मेकपेक्षा महत्त्वाचं. आणखी एक: 'अपेक्षित क्षमतेच्या इतके टक्के' हा आकडा बहुतेक ठिकाणी पाश्चात्त्य लोकांवरून बनवलेल्या सूत्रांतून येतो. आपल्या बांध्याच्या बाईचा तो किंचित कमी दिसला म्हणून लगेच धसका घ्यायचा नाही.

समजा, अगदी सगळं ठीक आलं. म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत जोर लावलात, धाप लागली, आणि ती लागत असताना हृदय, फुफ्फुसं, रक्त यांनी आपापलं काम नीट केलं. हे गेल्या दीड वर्षात तुम्हाला कोणीच दाखवलेलं नाही. त्यानंतर तुम्ही निर्धास्तपणे व्यायाम वाढवू शकता, किती ठोक्यांपर्यंत वाढवायचा तेही त्याच कागदावरून ठरतं. तुम्ही नाटक करता असं यातून कुठेच सिद्ध होत नाही. धाप ही जाणीव आहे. तक्त्यावर तुम्ही बोट कुठे ठेवलं तेही रिपोर्टमध्ये नोंदलेलं असतं.

तुमच्यासारखं पत्र लिहिणाऱ्या पण वयाने साठीपुढच्या वाचकांना एक वेगळं सांगायचं आहे, विशेषतः ज्यांना रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा किंवा हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आहे. 'इकोत ईएफ ६० टक्के आहे, म्हणजे हृदय ठणठणीत' असं समजू नका. ईएफ म्हणजे हृदय एका ठोक्यात आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं ते. हृदय चांगलं आकुंचन पावतं पण नीट सैलावत नाही, असा हृदयाच्या अपयशाचा एक प्रकार आहे. तो स्त्रियांत जास्त दिसतो आणि आरामात केलेल्या इकोत लपू शकतो. श्रम करवून केलेला इको, किंवा क्वचित हृदयात नळी घालून श्रमातला दाब मोजणं, याने तो पकडता येतो. आणि आयुष्यभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या आजीला धाप लागत असेल तर आधी पीएफटी करा. विडी ओढली नाही म्हणून फुफ्फुसं चांगलीच असणार, हा समज आपल्या खेड्यापाड्यांत फार महाग पडला आहे.

काही जणांनी यातली कुठलीच चाचणी शोधत बसू नये. अचानक सुरू झालेली धाप, बसल्या जागी धाप, चालताना चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, एकाच पायाला सूज, थुंकीतून रक्त, रात्री उठून बसावं लागणं, ओठ निळसर होणं: यांनी सरळ दवाखाना गाठावा किंवा १०८ला फोन करावा.

पैशांचं म्हणाल तर प्रवास, रजा आणि चाचणी मिळून खर्च जाणवण्याइतका होतो, यजमानांची कुरकूर अगदी निराधार नाही. परवडतच नसेल तर वाट बंद होत नाही. तुमच्याच शहरात तीस मीटरच्या मोकळ्या पट्टीवर सहा मिनिटं चालायची चाचणी होऊ शकते. ती कारण सांगत नाही, पण किती अंतर गेलात आणि ऑक्सिजन घसरला का हे कळतं. पट्ट्यावर पळवून आधी-नंतर स्पायरोमेट्री करणारे छातीचे डॉक्टरही भेटतील. दुसरा रस्ता म्हणजे गोळीचा निर्णय, लोहाचे उपचार आणि डॉक्टरांच्या संमतीने आठ ते बारा आठवडे नियमित चालणं. ताकद घटल्याचीच धाप असेल तर एवढ्यात फरक पडायला हवा. नाही पडला तर मात्र आणखी सहा महिने ढकलू नका. माझं मत विचाराल तर गोळीचं आणि फेरिटिनचं आधी मार्गी लावा, महिना-दीड महिना द्या, आणि तरी जिना तसाच राहिला तर तारीख घ्या. तोवर चालणं बंद करू नका; शेजारणीशी बोलता येईल एवढ्या वेगाने रोज चाला.

जाताना फाइल सोबत न्या आणि जुन्या टीएमटीचा कागद वरच ठेवा. सगळ्या औषधांची नावं एका चिठ्ठीवर लिहा, त्यात डोक्याची गोळी पहिली. पंप वापरत असणाऱ्यांनी तो घ्यायचा की नाही हे आधी विचारून घ्यावं. साडी नको, सलवार-कमीज किंवा ट्रॅक पँट, पायात बूट. दोन-तीन तास आधी हलकं खाऊन जा, त्या सकाळी चहा-कॉफी टाळा. यजमानांना बरोबर न्याच, वाचणारे डॉक्टर समजावून सांगतील तेव्हा ते समोर असलेले बरे. आणि तारीख ठरवण्याआधी कालनिर्णय बघून घ्या: संकष्टी किंवा एकादशी असेल तर दुसरा दिवस मागा, उपाशीपोटी ही चाचणी करायची नसते.